खरवडलेला खांदा

४ फेब्रु., मंगळ.
चित्रवर्गात सरांनी सगळ्यांसमोर माझा कागद उंच धरला. "बाई, आपण रेघ काढता की हजेरी लावता?" मीही हसले, पण जाम लागलं. नारायण पेठेपर्यंत तणतणत चालत आले. दहा वर्षं ऑफिसात पुलांचे नकाशे ट्रेस करतेय. तिथं रेघ हलली की साहेब ओरडतात, इथं हलत नाही म्हणून बोलणी. सोमवारी प्रदर्शनासाठी चित्रं निवडणार. माझं लागलंच पाहिजे.

६, गुरु.
आई तांदूळ पाखडत होती. समोर कागद घेऊन बसले. "मी कामाला बसलेय, तुझ्यापुढे नाही." बरं. पेन ठेवून बोरू घेतला. सूप उडेल तसा हात सोडला, कागदाकडे पाहिलंच नाही. शिंतोडे उडाले. उजव्या खांद्यापाशी रेघ अडकली, फाटली, पुन्हा धावली. पहिल्यांदाच काहीतरी जिवंत!
आईने बराच वेळ पाहिलं. "हिचा खांदा दुखतोय," म्हणाली आणि आत गेली.

७, शुक्र.
गाढव आहे मी. सकाळी 'जरा नीट करू' म्हणून बसले. ऑफिसात चूक खरवडायचं अर्धं ब्लेड सवयीने हातात. आधी शिंतोडे, मग ती अडकलेली रेघ. खांद्याला छान गोल वळण दिलं. भानावर आले तेव्हा कागदावर बाईचा नकाशा होता.
आई खूश. "आता बरी दिसते. हीच दे."

८, शनि.
तीन कागद फुकट. मुद्दाम हात हलवला, शाई उडवली. सगळं नाटक. आईला म्हटलं, पुन्हा बस ना. "सूप सापडत नाही." सूप खुंटीवर, तिच्या डोक्यावरच, परवा मीच टांगलेलं...
फळीवरचे डबे खाली कधी आले? वेणीसुद्धा हल्ली घालत नाही, नुसती कशीबशी गाठ. रोज समोर बसून जेवते मी, आणि दिसलं नाही. कागदावर उमटलं, तेही खरवडलं.

९, रवि.
विचारलंच. डॉक्टरकडे जायचं का? "तुझं चित्र झालं का?" चिडले. खड्ड्यात गेलं चित्र, म्हटलं.
तासाभराने स्वतःच म्हणाली, "सूप काढून दे." घेऊन बसली. डावा हात वर गेला, उजवा छातीशीच थांबला. "याच्या वर जात नाही गं. दिवाळीपासून." रडू आलं मला.
"काढ आता. उद्या द्यायचंय ना? दवाखान्याचं मग बघू."
बोरू आणते म्हणून आत आले आणि हे खरडत बसलेय. ती तशीच बसलीय, सूप धरून.
"येतेस का गं? हात भरून आला."