मागच्या गाडीतला हॉर्न

शैलेशराव यांस,

बोईसरहून बळवंताचा कमरेत वाकून नमस्कार. (सीटचा पट्टा लावलेला असल्याने याहून जास्त वाकता येत नाही. टोइंगची गाडी इथे जवळच सालवडला बाजूला लावली, हॅण्डब्रेक ओढला, मगच कागद काढला.) सासूबाईंचा गुडघा, तुमची नवी बोअर आणि तुमची ताई, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. पहिल्या दोहोंची चौकशी रीत म्हणून केली. फोन का केला नाही, असं विचाराल. केला की तुमच्या मागून "ठेव तो" असं ऐकू येतं. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत.

या कानांवरच मी धंदा उभा केला. बंद पडलेल्या गाडीचा मालक फोनवर रडत असतो तेव्हा मागच्या घरघरीवरून मी सांगतो, बेल्ट गेला की बेअरिंग. आणि त्याच कानांनी सतरा दिवसांपूर्वी माती खाल्ली. तुम्ही ताईला दोन दिवस माहेरी न्यायला आलात, तुमची गाडी माझ्या दारातच बंद पडली, म्हणून ती उचलून मासवणला निघालो. उचललेल्या गाडीत माणूस बसवायचा नाही, हे मी गिऱ्हाइकाला रोज ऐकवतो. पण तुमची ताई म्हणाली, "तुमच्या शेजारी बसून तुमचं चालवणं बघण्यापेक्षा मी मागं बरी." मांडीवर लोणच्याची बरणी घेऊन ती मागं बसली. बायकोला नियम सांगायची सवय कुणाला असते? (तुमचं लग्न झालं की कळेल.)

पुढची चाकं वर, ताईचं तोंड आभाळाकडे, आणि आपण दोघे पुढे गप्पा मारत. मध्येच मागून हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. तुम्हीच म्हणालात, "नका देव साइड, भावोजी. घाई हाय तं उडून जाऊ दे त्याला." मी दिली नाही. मासवणला उतरून बघतो तो एका बाजूची साखळी सुटून रस्त्यावर घासत आलेली, बरणीतलं तेल साडीवर, आणि हॉर्नवर ताईचा हात. ती एवढंच म्हणाली, "नीट चालवायला शिकाल तेव्हा या न्यायला." तेव्हापासून मी शिकतो आहे.

आता निघण्याआधी साखळ्या दोनदा ओढून बघतो, मागच्या गाडीला लाल दिवा बांधतो, चमकणारं जाकीट घालतो आणि रहदारीच्या उलट बाजूने उतरतो. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं म्हणून तिने रस्त्याकडेचा एखादा खांब ओलांडला की मी तिथे पोचेपर्यंत तीन आकडे मोजतो. पण मी अंतर सोडलं की त्यात रिक्षा शिरते. तिच्यापासून अंतर सोडलं की दुसरी. परवा चिंचणीहून गाडी आणताना मी इतका मागे पडत गेलो की कोळणींचा टेम्पो बाजाराला जाताना मला ओलांडून गेला आणि टोपल्या रिकाम्या करून परतताना पुन्हा भेटला. त्यातल्या सोजराबाईने विचारलं, "बलवंता, गाडी बंद हाय का तू?" कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटली होती, तिथे एक जण ओरडला, "चाचा, गाड़ी खींच रहे हो या बारात निकाली है?" मी हात केला आणि तीन आकडे मोजले.

फोन चालवताना हातात नको म्हणून जेवणाच्या डब्यात ठेवतो. डबा सध्या रिकामाच असतो. वाजला की आत घुमत राहतो. घरी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतो. मासवणकडून येणाऱ्या सहा आसनी रिक्षेचा सायलेन्सर फुटका आहे, तो वळणावर आला की मी दार उघडतो. रोज दुसरंच कुणीतरी उतरतं. कालपासून तिचा ड्रायव्हर मला बघून आधीच मान हलवतो.

असो. थोरांना नमस्कार, बोअरला भरपूर पाणी.

तुमचा,
बळवंत

ता.क. पत्र तुमच्या नावाने असलं तरी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून मोठ्याने वाचा.

ता.क. दुसरा. आतापर्यंत वाचलं असेल तर आता थांबू नका. हॉर्न कुणाचा, ते मला वाटेत नागझरीच्या आधीच कळलं होतं. दोन छोटे, एक लांब. घरात मला हाक मारताना ती भांडं असंच वाजवते. वाटलं, हळू चालवा म्हणून रागावते आहे, आणि थांबलो तर मेहुण्यासमोर बोलणी बसतील. तेवढ्यासाठी थांबलो नाही. साखळीचा आवाजही आला होता. तो रस्त्याचा म्हणून सोडून दिला. दुसरी साखळी सुटली असती तर, हे सतरा दिवस रोज मनात येतं.

ता.क. तिसरा. पुढची शेजारची सीट धुऊन ठेवली आहे. ती काय म्हणते ते फोन करून कळवा. चालवत असलो तर लगेच उचलणार नाही, आधी गाडी बाजूला घेईन. तोवर तिला म्हणावं, फोन ठेवायला सांगू नकोस.