बंगल्याच्या भिंतीला चुनाच

छत्रपती संभाजीनगर

चि. आदिनाथ, तुला आणि शीलाला आशीर्वाद.

आपला बंगला संरक्षित वास्तूंत घ्यायचा की नाही, हे पाहणाऱ्या बाईंना आज भेटले. मालकी आपलीच राहणार, कुणी तुम्हाला बाहेर काढणार नाही. गावातल्यांचं ऐकून झोप घालवू नकोस.

ओल दिसली म्हणून तू चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलंस, त्यानं ओल आतच कोंडली. ते काढून पुन्हा चुनाच लाव.

शीलाचे गुडघे कसे आहेत? अंघोळीला तिला रोज जिना उतरावा लागतो, हे मी बाईंना सांगितलं. माडीवर न्हाणीघर चालेल का, विचारलं. त्या म्हणाल्या, "मागच्या बाजूला बांधा की. समोरून दिसलं नाही म्हणजे झालं."

तेव्हा गवंडी आला की आधी न्हाणीघर. भिंत थांबेल.

तुझी,
अक्का