गुडघ्यापायी काय सोडलंत?

४ फेब्रुवारी

आज गुडघा उघडलेला पाहिला. चित्रातला नव्हे — खराखुरा, जिवंत माणसाचा!

आमच्या सर्जन मॅडम म्हणाल्या होत्या, "सहा महिने नुसते फॉर्म भरून घेतेयस. ज्याच्याबद्दल विचारतेस ते एकदा आतून बघ तरी." मला वाटायचं, ऑपरेशन म्हणजे काहीतरी शांत, नाजूक काम. कसलं नाजूक! करवत, ड्रिल, हातोडी. मॅडम एरवी पेनसुद्धा हळूच खाली ठेवतात, आणि आज खांद्यापासून घाव घालत होत्या. तरी सगळं माप मिलिमीटरचं. अर्धा मिलिमीटर चुकलं तर "थांबा".

काढलेला हाडाचा तुकडा त्यांनी माझ्या हातमोज्यावर ठेवला. त्यावरची कूर्चा पार झिजून गेलेली. उघडं हाड हाडावर घासून घासून इतकं गुळगुळीत झालेलं की वरचा दिवा त्यात दिसत होता. हा गुडघा एका निवृत्त बसचालकांचा. नोकरीची शेवटची नऊ वर्षं त्यांनी याच पायाने ब्रेक दाबला. नऊ वर्षं! आणि बसमधल्या एकालाही पत्ता नाही.

५ फेब्रुवारी

बसचालक आज उभे राहिले. वॉकर धरून चार पावलं. फिजिओ म्हणाला, "काका, ब्रेक सोडा आता, गाडी पुढे घ्या!" ते हसले आणि हसता हसता रडायला लागले. मीही. फिजिओ माझ्याकडे वळून — "तुझं ऑपरेशन कधी झालं?"

११ फेब्रुवारी

आमचा अभ्यास सांगायला सोपा आहे. गुडघा बदलण्याआधी बारा प्रश्न, बदलल्यावर एका वर्षाने तेच बारा. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. अठ्ठेचाळीस म्हणजे गुडघा ठणठणीत.

आज आकडेकाकांनी (अभ्यासाची आकडेमोड त्यांच्याकडे; ऑफिसात सगळे त्यांना असंच म्हणतात, त्यांच्या तोंडावरही) दोनशे दहा जणांची एक्स-रेतली झीज आणि त्यांचे गुण एका आलेखावर मांडून दाखवले. मला खात्री होती, सरळ रेघ येणार. झीज जास्त, गुण कमी. पण डबीतून टाचण्या सांडाव्यात तसे ठिपके! कुणाची कूर्चा संपलेली आणि गुण चाळीस. कुणाला नावापुरती झीज आणि जिना चढताना डोळ्यांत पाणी.

"मग दुखणं असतं कुठे, काका?"

"ते विचारायलाच तर तुला ठेवलंय, बाई."

दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. आपण हाडाचा फोटो काढू शकतो. दुखण्याचा नाही. ते फक्त विचारता येतं! किती मोठी गोष्ट आहे ही, आणि किती तोकडी.

२ मार्च

शेवटी आईला दवाखान्यात नेलं. परवा ती कठडा धरून, आडवी वळून जिना चढताना दिसली म्हणून. लाँड्रीत आठ तास इस्त्री करत उभी असते, थकली असेल असं वाटलं होतं.

एक्स-रे पाहिला. दोन हाडांमध्ये जागाच नाही. शेकडो एक्स-रे पाहिलेत मी. असे चार-पाचच असतील.

मॅडम म्हणाल्या, "बाई, तुम्ही यावर चालत आलात?"

आई — "मग काय उडत येणार?"

घरच्या माणसाचा फॉर्म मी घ्यायचा नाही, म्हणून फिजिओने घेतला. गुण — सदतीस! मी दोनदा बेरीज केली. इथे ऑपरेशनची रांग गुणांवरून लागते. विसाच्या आतले आधी. सदतीस म्हणजे घरी जा, दोन-तीन वर्षांनी बघू.

३ मार्च

आईशी भांडले. खोटं का सांगितलंस म्हणाले.

"एक शब्द खोटा नाही त्यात."

"बाजारहाट करताना त्रास होतो का, तर नाही म्हणालीस!"

"नाहीच होत. दोन वर्षं सामान शेजारच्या मावशी आणतात."

"आणि रात्री गुडघ्याने जाग येते का?"

"खुर्चीत झोपलं की नाही येत."

"जिना उतरता येतो?"

"येतो की. उलटी उतरते. आणखी काय विचारायचंय, साहेब?"

मला वाटायचं, तिला रेडिओ ऐकत खुर्चीत डुलकी घ्यायला आवडतं.

४ मार्च

आज आई कामावर गेल्यावर घर पाहिलं. या घरात मी जन्मापासून राहते. आज पाहिलं.

स्वयंपाकघरातली खालची कपाटं रिकामी आहेत. सगळी! एकात फक्त एक जुना बल्ब. तिथली भांडी एकेक करून कधीतरी वर गेली. पलंगाच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे आहेत. न्हाणीघरात स्टूल. बाल्कनीतल्या कुंड्या जमिनीवरून टेबलावर. दाराशी ती खुर्ची — मला वाटायचं पाहुण्यांसाठी आहे. बूट घालायला आहे. बुटांना लेस नाहीत.

माझी छाती भरून आली. राग नाही, दुःखही नाही. मोठी इमारत बघताना मान वर होते तसं काहीतरी. कुणाला न विचारता, कुणाला कळू न देता, बोटाबोटाने सरकवत तिने अख्खं घर गुडघ्याच्या मापाचं करून घेतलं. आणि मी! रोज लोकांना विचारते, "जिना चढताना किती त्रास होतो?"

७ मार्च

हे लिहायला हवं.

आईचा फॉर्म आज ट्रेमध्ये वरच होता. पेन्सिलने भरलेला. खोलीत मी एकटी. सहा खुणा इकडच्या तिकडे केल्या असत्या तर सदतीसचे सतरा झाले असते. खोडरबर ड्रॉवरमध्ये होतं. ड्रॉवर उघडलाही.

मग काकांचा आलेख आठवला. एक ठिपका मी सरकवला की उरलेल्या दोनशे दहांवर माझा तरी विश्वास कसा राहील? ड्रॉवर लावला. थेट मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं — कपाटं, ठोकळे, खोडरबरसुद्धा.

त्यांनी हातातलं पेन हळूच खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "छापील प्रश्नांना हात लावायचा नाही. वेगळं पान जोडता येईल. काय विचारशील?"

मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं — गुडघ्यापायी काय करायचं सोडलंत?

"संशोधन समितीची परवानगी काढ. उत्तरांत दम असेल तर रांग पुन्हा तपासू. पण सगळ्यांची. एकट्या तुझ्या आईची नाही."

१६ एप्रिल

परवानगी आली. चाळीस दिवस लागले एका प्रश्नाला!

२ मे

त्रेसष्ट पानं आली. जेवायचं विसरून वाचत बसले.

"नातीला उचलून घेणं."

"घराचा वरचा मजला. चार वर्षं पाहिला नाही."

"बायकोबरोबर फिरणं. ती जाते, मी खिडकीतून बघतो."

"बागेतलं तण काढणं. आता तणच आवडतं असं सांगते सगळ्यांना."

"भांडणात ताडकन उठून निघून जाणं. आता पूर्ण ऐकून घ्यावं लागतं."

आणि यातल्या कितीतरी जणांचे गुण तिशीच्या वर! काही त्रास नाही, कारण त्रास होईल ते सगळं सोडून दिलेलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "याचा आलेख कसा काढायचा बुवा?" त्यांना एखादी गोष्ट येत नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मॅडमनी पानं घरी नेली.

९ मे

फिजिओने आईलाही पान दिलं. म्हणाली, "घरी नेऊन लिहिते. मला वेळ लागतो." शाळा तिसरीत सुटली तिची. तेव्हापासून फक्त सही.

मला विचारायची मनाई आहे. सुचवायची तर नाहीच. पण मी तिला ओळखते. "काही नाही" असं लिहून मोकळी होईल. तेवढ्यावर रांग हलणार नाही, आणि ती आणखी तीन वर्षं उलटी जिना उतरेल.

१० मे

टेबलाशी बसून लिहीत होती. मी आत येताच पानावर हात आडवा धरला, परीक्षेतल्या मुलीसारखा. "बघू नकोस."

"नाही बघत."

"बघतेयस."

मी भिंतीकडे तोंड करून चहा प्यायले. पेन्सिलचा आवाज येत होता. एक अक्षर, थांबा. एक अक्षर, थांबा. एवढं मन लावून मी एकही पेपर लिहिलेला नाही.

१२ मे

दिलं फिजिओला. चार घड्या घालून.

१९ मे

आईला जूनची तारीख मिळाली! रांगेत नऊ जण वर आले, त्यात ती. मॅडमनी मला बोलावून तिचं पान पुढे केलं. मागच्या बाजूला आईनेच लिहिलंय — "मुलीला दाखवा." मॅडम म्हणाल्या, "हे मोजायचं की नाही यावर आमचं तासभर चाललं होतं. मोजलं."

दोनच ओळी. अक्षरं एकमेकांना धरून उभी असल्यासारखी.

"मी काही सोडलं नाही. मुलीने सोडलं. लांब शिकायला जायचं पत्र आलं होतं तिला."

ते पत्र एप्रिलमध्ये आलं. त्याच दिवशी मी नाही म्हणून कळवलं. कुणालाही बोलले नाही. या वहीतसुद्धा लिहिलं नाही.