भांड्याच्या बुडावरचं नाव

मंगळवार, ११ ऑक्टोबर

प्रिय किर्स्टन,

तू बरी असशील, मुलं शाळेत रमली असतील आणि तुमच्या पोर्टलंडचा पाऊस नेहमीसारखाच रटाळ असेल, असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस आणि कॉम्प्युटरवरचं पत्र मला जमत नाही, म्हणून हा कागद. एखादं अक्षर लागलं नाही तर सोडून दे आणि पुढचं वाच. महत्त्वाचं असं मी काही फार लिहीत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

इकडे सगळ्यांचं सोयाबीन निघालं. शेजारच्या डेलमारचा मका अजून उभाच आहे, आणि दोष नेहमीप्रमाणे हवेचा आहे, डेलमारचा नाही. पहाटे गवतावर पांढरं हिम धरायला लागलंय. कुत्रा म्हातारा झाला. जिना चढण्याआधी माझ्यासारखाच उभा राहून विचार करतो.

आई बरी आहे. हल्ली रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत नाही. बोटं दुखतात म्हणते. तिच्याऐवजी पास्टर फोनवर गाणं लावतात आणि आम्ही सगळे त्याच्यामागे फरफटत गातो.

परवा फडताळ आवरताना तुझं निळं भांडं हाताला लागलं. मागच्या थँक्सगिव्हिंगला तू रताळी घालून आणलेलं. जेवण अर्धं टाकून गेलीस ना, तेव्हा राहिलं. मी म्हटलं, पोस्टानं पाठवून देऊ. आई म्हणाली, फुटेल.

मका झाला, कुत्रा झाला, भांडं झालं. आता टाळायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

तो व्हिडिओ तू पाहिला असणार. सगळ्या देशानं पाहिला, तुमच्या पोर्टलंडनं दोनदा पाहिला असेल. लाल टोपीतली म्हातारी ती तुझी आई, आणि तिच्या शेजारी मांडीवर बायकी पर्स घेऊन बसलेला बावळट तो मी.

सभा शहरातल्या हॉकीच्या स्टेडियममध्ये होती. सकाळपासून रांगेत होतो. लोक गाणी म्हणत होते, ओळख ना पाळख, एकमेकांना सँडविच देत होते. मला मजा आली, किर्स्टन. तुला आवडणार नाही, पण खोटं कशाला लिहू? दुधाचा टँकर चालवण्यात माझा जन्म गेला. डेअरी बंद पडली तेव्हा आमच्या बाजूनं कुणी चकार शब्द काढला नव्हता. इथं एक माणूस थेट राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालाय आणि आमच्या वतीनं ओरडतोय, हे कानाला बरं वाटत होतं.

मग तो तापत गेला. मागच्या कठड्यात पत्रकार कोंडले होते, त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘ही बघा बांडगुळं, तुमच्यावर जगतात आणि तुम्हालाच हसतात.’ आम्ही सगळे वळून त्यांच्यावर ओरडलो. त्यातल्याच एका मुलीला मी सकाळी कॉफी कुठं मिळते ते दाखवलं होतं. तिनं मला ओळखलं. मी तरी ओरडलो.

तेवढ्यात आमच्या खालच्या रांगेत एक पोरगी कागद धरून उभी राहिली. तोंडातून शब्द नाही. कागदावर काय लिहिलं होतं ते मला आजतागायत माहीत नाही. साहेब बोलायचे थांबले. हसले. म्हणाले, ‘हिच्या आईनं हिला वेळेवर दोन ठेवून दिल्या असत्या तर आज आपला वेळ वाचला असता. काय हो, एवढ्या गर्दीत एकही आई नाही का?’

लोक खदाखदा हसले. दोन रखवालदार तिला पायऱ्यांवरून वर आणायला लागले. ती आमच्याजवळ पोचली तेव्हा तुझी आईही उभी राहून ओरडत होती. पोरीनं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, ‘तुम्ही तरी नका ना असं करू.’

आईनं तिच्या थोबाडीत मारली. पोरीचा पाय सुटला, ती पायऱ्यांवरून खाली गेली. उजवं मनगट मोडलं. आणि सगळं स्टेडियम टाळ्या वाजवायला लागलं.

त्या टाळ्या अजून थांबलेल्या नाहीत. कॅफेत आमच्याकडून ॲपल पायचे पैसे घेत नाहीत. डेलमार आईला सलाम ठोकतो. ‘एक तरी आई आहे’ असं लिहिलेले बिल्ले निघालेत, चेष्टा नाही करत. शेरीफचा माणूस कोर्टाचा कागद देऊन गेला, तर प्रचाराच्या ऑफिसातून ट्रेंट नावाचा गुळगुळीत पोरगा येऊन म्हणाला, ‘काकू, काळजी सोडा, वकील आमचा.’ येत्या शनिवारी पुढची सभा आहे. तिथं आईला स्टेजवर साहेबांशेजारी उभं करायचंय. बोलायचं काही नाही, नुसता हात हलवायचा. वकील हवा असेल तर हात हलवायचा, असं तो म्हणाला नाही. पण मी काही काल जन्मलो नाही.

आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. चांगला कोट मात्र इस्त्री करून ठेवलाय.

त्या पोरीचं नाव ब्रिन. लांबची कुणी नाही, पलीकडच्या खोऱ्यातल्या हाउजरांची नात. त्यांच्या गोठ्यावरचं दूध एके काळी मीच उचलायचो. पेपरात नाव आलं तसं आईनं ओव्हन पेटवला. कुणाच्या घरी दुखणं आलं की चर्चच्या बायका जेवण पोचवतात, तुला माहीतच आहे. या वेळी कुणाच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. हिनं एकटीनंच केलं. खिमा, मटार, डब्यातलं मश्रूमचं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर. तुला आवडायचं ते.

मी गाडीत टोपी डोळ्यांवर ओढून बसलो. दार पोरीच्या आईनं उघडलं. डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी तिनं ओळखली नाही. आभार मानले, नाव विचारलं. आई म्हणाली, ‘चर्चकडून आहे,’ आणि वळली.

गाडी रस्त्याला लागल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला.

‘व्हर्लिन, भांड्याला नाव आहे.’

‘असणारच. नाहीतर परत कसं येणार?’

‘अरे, माझं नाव आहे. बुडाला. चिकटपट्टीवर.’

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. चर्चच्या स्वयंपाकघरात सगळी भांडी सारखीच, म्हणून इकडची प्रत्येक बाई भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी लावते. चोरून द्यायला गेली आणि ठळक अक्षरांत सही करून आली. मी हसलो. ती हसली नाही. मी गाडी वळवू का विचारलं, तर म्हणाली, ‘काय सांगून परत मागू?’

त्याला आता काही दिवस झाले. भांडं आलेलं नाही. येणाऱ्या प्रत्येक गाडीला आई खिडकीपाशी जाते.

तू एक फोन केलास तर बरं होईल. माझ्यासाठी नको.

तुझा,
बाबा


रविवार, १६ ऑक्टोबर

प्रिय किर्स्टन,

मागचं पत्र पोचलं की नाही कळायला मार्ग नाही. न वाचता ठेवलं असलंस तर हेही त्याच्याबरोबर ठेव, एकदमच वाच.

शुक्रवारी दुपारी अंगणात जुना पिकअप येऊन थांबला. ब्रिन उतरली. उजव्या हाताला प्लास्टर, डाव्या काखेत भांडं. गाडी चालवणारी तिची आई उतरली नाही, समोर बघत बसून राहिली. मी दाराच्या आत होतो, बाहेर यायचा धीर झाला नाही. सगळं ऐकलं मात्र.

‘तुमचं भांडं,’ ब्रिन म्हणाली.

‘आत ये ना. कॉफी केलीय.’

‘नको.’

‘हात कसा आहे?’

‘दुखतो.’

आईनं भांडं दोन्ही हातांनी घेतलं.

‘माझी आई म्हणत होती, फेकून दे,’ ब्रिन म्हणाली. ‘भावांनी तोवर खाऊन टाकलं होतं. मी नाही खाल्लं. मला खोटं बोलायचं नाही.’

‘बरं केलंस.’

‘उद्या तुम्ही स्टेजवर जाणार म्हणे.’

‘बोलावलंय.’

‘मग जा. मी काही अडवायला आले नाही. तिथं मला मारल्याबद्दल तुम्हाला टाळ्या पडतील, तेव्हा माझी आई टीव्हीसमोर असेल. तेवढं लक्षात असू द्या.’

एवढंच बोलून ती गेली. चढली कशीबशी, एका हातानं. आईनं मदतीला पाऊल उचललं आणि मागे घेतलं.

भांडं रिकामं होतं. भरून परत यावं अशी अपेक्षा कुणी करायची? पण स्वच्छ घासलेलं होतं. आईनं ते ओट्यावर उपडं घातलं आणि मला हाक मारली. धुण्यात जुनी पट्टी निघून गेली असणार. तिथं नवीन पट्टी होती, आणि तिच्यावर पेननं आईचं नाव, ‘आर्डिस टोस्टरूड’. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी. मी म्हटलं, घरातल्या लहान पोरानं लिहिलं असेल.

‘डाव्या हातानं लिहिलंय,’ आई म्हणाली.

मग ती खुर्चीवर बसली आणि रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी ऑर्गनबद्दल विचारलं नाही, शनिवारबद्दलही नाही. तिचं तिनंच सांगितलं. म्हणाली, ‘ती पोरगी म्हणाली ना, “तुम्ही तरी नका.” मला ऐकू आलं, “आई, बाबांचं सोड, तू तरी नको.” ’

मागच्या थँक्सगिव्हिंगला जेवणाच्या टेबलावर तुझे शेवटचे शब्द तेच होते. मी ते मागच्या पत्रात लिहायचे टाळले. त्या दिवशी स्टेडियममध्ये तिनं हाउजरांच्या पोरीला मारलं नाही, किर्स्टन. तिनं कुणाला मारलं ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी पर्स धरून बसून राहिलो.

शनिवारी सकाळी ट्रेंट चकचकीत काळी गाडी घेऊन आला. आई इस्त्रीचा कोट घालून दारात उभी होती. मला वाटलं, निघाली.

‘काकू, चला, साहेब वाट बघताहेत,’ ट्रेंट म्हणाला.

‘साहेबांना विचार, मी आई आहे हे त्यांना कुणी सांगितलं?’

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी लाडात आली. ‘सगळा देश म्हणतो, काकू.’

‘देशाचं राहू दे. मला एक मुलगी आहे, ती वर्षभर माझ्याशी बोललेली नाही. तिला जाऊन विचारा. ती हो म्हणाली तर मला स्टेजवर न्या.’

‘पण वकील…’ तो म्हणाला.

‘वकील कशाला? मी मारलं. कोर्टात तेच सांगायचंय, त्याला वकील लागत नाही.’

ती कोट घालून चर्चमध्ये गेली आणि रिकाम्या चर्चमध्ये दुपारभर ऑर्गन वाजवत बसली. बोटं दुखतात ते खरंच होतं म्हणायचं, सूर पुष्कळ चुकले. आज प्रार्थनेलाही तिनंच वाजवलं. अर्धी माणसं गायली, अर्धी गप्प उभी राहिली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. कॅफेत ॲपल पायचे पैसे पुन्हा घ्यायला लागले, त्याचं मला बरंच वाटलं. डेलमार समोरून पिकअप घेऊन गेला आणि इकडे सगळे रामराम म्हणून उचलतात तसं त्यानं स्टिअरिंगवरचं बोट उचललं नाही. इतकी वर्षं शेजारी राहतो, मका वाळो की कुजो, त्यानं बोट उचललं नाही असं कधी झालं नव्हतं. विरोधी पक्षाचे आम्हाला जवळ करतील असंही नाही, त्यांच्या लेखी आई अजून व्हिडिओतलीच आहे. मत कुणाला देणार ते विचारू नकोस. मला त्या ओरडण्याचाच कंटाळा आलाय, दोन्हीकडच्या. थकलो आहे.

आता तुझ्या भांड्याचं. फुटेल म्हणून पाठवत नाही, ही थाप आहे. मी आज स्पष्टच विचारलं. आई म्हणाली, ‘पोरीचं भांडं रिकामं कसं पाठवू? आणि भरून पाठवलं तर ती खाईल का?’ वर्षभर हीच अडचण आहे, दुसरी काही नाही. तिला मी सांगितलं, हाउजरांच्या पोरीनं रिकामं आणून दिलं आणि तरी घरात काहीतरी आलं.

थँक्सगिव्हिंगला ये, नको येऊस, तुझी मर्जी. आलीस तर राजकारण बोलू, न बोलू, तेही तूच ठरव. भांडं मी रोज काढून बघतो. बुडावरची पट्टी जागेवर आहे आणि तुझं नाव नीट वाचता येतं.

वाट बघणारा,
बाबा

ता. क. आईनं पत्र वाचायला मागितलं होतं. मी दिलं. तिनं एकही ओळ खोडली नाही.