सुलाबाईंनी न घेतलेली भाकर

सेलू
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आईस, सलाम.

गुडघ्याला शेक देतेस ना? मी बरी आहे. सातवीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनात पाणचक्की केली. ती फिरली नाहीच, पाणी मात्र पाहुण्यांच्या बुटात गेलं.

हे फोनवर सांगणार होते. पण तू 'जेवलीस का' विचारतेस आणि माझं धाडस संपतं. म्हणून लिहिते.

माझ्या घरमालकीण सुलाबाईंच्या ओसरीवर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहाबारा माणसांची उपासना होते. दिवाळीआधी एकदा सतरंज्या घालायला म्हणून खाली गेले आणि मागे बसले. एवढंच. प्रभुभोजनाची ताटली आली, तेव्हा येशूच्या स्मरणाची ती भाकर न घेता मी ताटली शेजारी सुलाबाईंकडे दिली. त्या कुजबुजल्या, "का गं, उपास हाय का?"

"राग आहे, मावशी. घास उतरणार नाही."

त्यांनीही ताटली तशीच पुढे सरकवली. "मग मीबी थांबते. तुला सोडून कुठं जेवू?"

त्या संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांच्या मातीनंतरच्या रविवारी पाळक भर मंडळीत म्हणाले होते, लेकीचा विश्वास प्रार्थनेपेक्षा दवाखान्यावर जास्त, म्हणून देवाने हात काढून घेतला. तू उठलीस, माझा हात धरलास आणि आपण घरी झरीला जाणारी एसटी पकडली. तेव्हापासून तू चर्चची पायरी चढली नाहीस. बायबल पेटीत गेलं.

सुलाबाई म्हणाल्या, "दवाखाना काय सैतानानं बांधला व्हय? तुझ्या बापाला देवानं बोलावलं. तू धाडलं न्हाईस."

मी खूप रडले. आणि पाळकांच्या त्या वाक्याशिवाय बाबा पहिल्यांदाच आठवले. नाकात नळी, तरी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, "लेकीनं आणलं म्हणून श्वास घ्यायलोय. देवानं लय हुशार पोरगी दिली बघा." आई, त्यांनी माझ्यासाठी देवाचे आभार मानले होते.

त्यानंतर ताटली दर वेळी आम्हा दोघींना ओलांडून गेली. "म्हातारीला लय उपाशी ठेवायलीस," एवढंच त्या हसून म्हणायच्या. क्षमा कर, विसरून जा, असं कुणी शिकवलं नाही.

परवा मी भाकर घेतली. मग त्यांनीही घेतली.

तुला न विचारता घेतली. माझ्यासाठी तू मंडळी सोडलीस आणि मीच परत गेले, हे तुला कसं वाटेल, या भीतीने दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पाळकांचं बोलणं खोटं होतं, आजही खोटंच आहे. त्या चर्चमध्ये मी बहुधा जाणार नाही. पण देव त्यांच्या बोलण्यात राहत नव्हता, एवढं आता कळलं.

तू इथे यावंस असा हट्ट नाही. फक्त एक सांगते. सुट्टीत घरी येते तेव्हा पाहते, भाकरी थापताना तुझे ओठ हलत असतात. मी आत आले की थांबतात.

आता माझ्यासाठी थांबू नकोस.

तुझी, आणि पुन्हा प्रभूचीही,
अर्पिता