बगार फोडणीच्या घरी

पुणे, १२ ऑगस्ट १९६१

ताई,

एका शब्दासाठी एवढं काय, असं तूच मले विचारून राह्यली? पुन्याच्या लोकायनं विचारलं असतं तर समजलो असतो!

आधी जयभीम घे. माहा खोकला गेला. मेसमधी वरनात गूळ टाकतात, म्हनून भात कोरडाच खातो. आईच्या डोळ्यायचं काय म्हनते डॉक्टर?

आता ऐक. माह्या कथेतली आई ‘बगार’ म्हनते. संपादक म्हने, “हा मुसलमानी शब्द. ‘फोडणी’ करा, पुढच्या अंकात छापतो.” मी लायब्ररीत जाऊन कोश उघडला. बगार निघाला संस्कृतातल्या व्याघारणातून! यज्ञात तूप शिंपडतात ना, तेच. त्याईले दाखवलं तर म्हने, “असेल. पण आता तो त्यांच्याच स्वयंपाकघरात नांदतो.”

अन् तू लिहितं, बदलून टाक, बाबाले छापलेलं नाव पाहाचं हाये.

ताई, विसरली काय? अमरावतीच्या गल्लीत आपल्या हातचं पानी कोनी घेत नव्हतं, तवा शेजारची सितारा चाची भिंतीवरून कढत पळी आईपुढं करे. “केशर, बगार ले, जल्दी!” एकाच पळीतलं तेल, अर्धं तिच्या दाळीत, अर्धं आपल्या. आईनं तेल घेतलं, तसा शब्दही तिच्यापासूनच घेतला. मी तो कोन्या तोंडानं खोडू?

बाबाले सांग, नाव छापाले टाइम लागन. मी संपादकाकडून कथा परत आनाले निघालो. हे पत्र वाटेतच पेटीत टाकतो, म्हंजे तुह्या हाती पडेस्तोर कथा परत आलेली असन, तुले आडवता येनार नाही.

तुहा,
जानराव