येईल त्याचा डबा

आई, या मंगळवारी, ऐन अंगारकीला, तुझ्या स्वयंपाकघरात अकरा उपासवाल्यांच्या नावाने बांगड्याच्या चिठ्ठ्या निघाल्या. सकाळी साडेनऊला वहिनीचा फोन आला. "अगं बाई, आज सगळ्यांनी मिळून देव बुडवायचा ठरवलाय काय? तो छापखानेवाला फोरमन बघ, अंगारकीला पाणीसुद्धा गणपतीला विचारून पितो, आणि त्याला बांगडा हवाय म्हणे!" मागून दादा खो खो हसत होता. मला आधी काही उमजेना, मग उमजलं आणि मीही हसत सुटले. चूक शंभर टक्के माझी होती. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी पहिल्यांदा डोक्यात हेच आलं की आता मनगटावर तुझा आमटीचा डाव बसणार.

मी काय काम करते हे तुला कधी धड कळलं नाही. शेजारणींना तू माझ्याबद्दल सांगायचीस, "आमचां चेडू कम्प्युटरात कायतरी लिवता." आता ऐक, त्या कायतरीने काय केलं ते. तुझ्यानंतर वहिनीने एकटीने डबे चालू ठेवले. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली माणसं तीच, पण हल्ली त्यांना सगळं मोबाइलवर लागतं. वहिनी मात्र तुझ्यासारखीच वहीत लिहायची, फोन उचलता उचलता भाजी करपायची आणि गिऱ्हाइकं गळायला लागली होती. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "झालं तेवढं बस्स, आता बंद करते." मी म्हटलं, मला एक आठवडा दे. ती म्हणाली, "शनिवारपर्यंत बघते. नाही जमलं तर पातेली विकून मोकळी." मग मी एक वेबपेज बनवलं. माणसाने सकाळी मोबाइलवर साधा, जैन, मासळी, उपास यातलं काय ते निवडायचं, स्वयंपाकघरात चिठ्ठी छापून निघणार, ती वहिनीने डब्यावर चिकटवायची.

त्या पेजच्या पोटात जो कोड आहे त्याला स्विच म्हणतात. तुला कळेल असं सांगते. एकच प्रश्न विचारायचा, काय हवंय? आणि खाली एकाखाली एक केस लिहायच्या: साधा असेल तर हे, जैन असेल तर ते. मशीन वरून बघत येतं, जुळणारी केस सापडली की तिथलं काम करतं. पण प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक असा एक शब्द लिहावा लागतो. तो नसला तर हे येडं थांबत नाही, खालच्या केसमध्ये घुसून तिचंही काम उरकतं आणि वर तक्रारही करत नाही. उपासाची केस मला सगळ्यात शेवटी आठवली. ती घाईघाईत मासळीच्या वर घुसवली आणि ब्रेक विसरले. त्यामुळे प्रत्येक उपासवाल्याच्या चिठ्ठीवर मशीनने आधी साबुदाणा लिहिला आणि लगेच तो पुसून बांगडा लिहिला. वीस वर्षं हे काम करतेय मी, ऑफिसात नव्या पोरींना हेच शिकवते. शहाणीची अगदी वाट लागली.

आणि हे मला तूच तर शिकवलं होतंस. मी सातवीत असेन, मे महिन्याची सुट्टी. ओट्यावर डब्यांची रांग लागलेली आणि मी वाढतेय. झटपट होईल म्हणून मी सगळे डबे उघडेच ठेवले आणि एका दमात रांगेने वाढत सुटले, ते बोंबलाचं कालवण थेट जैन काकांच्या डाळीत. आधी तुझा डाव मनगटावर आला, मग शब्द. "एक डबो भरलो की झाकण लाव. मगे दुसऱ्याक हात लाव." मी रडले, तू सगळी डाळ पुन्हा केलीस, आणि त्या दिवशी डबे उशिरा गेले. मंगळवारी मी तो ब्रेक लिहिला आणि शेजारी कॉमेंट, म्हणजे मशीन वाचत नाही अशी टीप, टाकली, "झाकण लाव". वहिनी तोवर साबुदाणा भिजवून तयारच होती, तिने चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवलाच नव्हता. अकराही जण खिचडी खाऊन खूश.

गुरुवारी मात्र हसू आलं नाही. पेजवर 'इतर' अशी एक रिकामी चौकट आहे. इस्टेटमधल्या एका स्टोअरकीपरने तिच्यात लिहिलं, "दाढ काढली, चावत नाही." माझ्या स्विचमध्ये असली केसच नव्हती, म्हणून कोरी चिठ्ठी निघाली. वहिनीला वाटलं, प्रिंटर बिघडला, आणि त्याचा डबा भरलाच गेला नाही. दीड वाजता त्या माणसाचाच फोन आला, वर तोच ओशाळलेला. "राहू दे वहिनी, चहात बिस्किट बुडवून खाल्लं मी." मला लाज वाटली गं. वहिनी म्हणाली, "आई रोज एक डबा जास्तीचा भरायच्या. रोज उरतो म्हणून मीच बंद केला."

तो डबा मी कशी विसरेन? लहानपणी मी विचारायचे, हा कोणाचा, आणि तू म्हणायचीस, "येतलो तेचो." मऊ भात, तूप, लिंबाचं लोणचं. कुणालाही चालेल असं. अंधेरीच्या पहिल्या इंटरव्ह्यूत नापास होऊन मी भर दुपारी घरी आले, तेव्हा तू तो डबा माझ्यापुढे सरकवलास आणि परत भांडी घासायला बसलीस. त्या दिवशी मला वाटलं होतं, तू तो माझ्यासाठीच भरला होतास.

स्विचमध्ये त्यासाठीही जागा असते, डिफॉल्ट म्हणतात. कुठलीच केस जुळली नाही तर मशीन तिथे जातं. गुरुवारी संध्याकाळी मी तिथे लिहिलं: मऊ भात, तूप, लोणचं. त्याखाली माणसाने जे लिहिलं असेल ते जसंच्या तसं छापायचं. वहिनीने शुक्रवारपासून जास्तीचा डबा पुन्हा सुरू केला. दाढवाल्याने तो खाऊन आणखी दोन दिवसांसाठी सांगून ठेवला. आणि शनिवारी पातेली विकायचा विषय निघालाच नाही. वहिनीने फक्त विचारलं, "सोमवारी मेथी आणू की लाल माठ? विचारून सांग ना तुझ्या मशीनला." मी फोन ठेवून घरातल्या घरात नाचले, या वयात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, त्या कोडच्या फाइलशेजारीच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. शनिवारी सकाळी मीही एक डबा मागवला. 'इतर'मध्ये लिहिलं, "आईच्या हातचं". दादा स्कूटरवरून डबा घेऊन आला, झाकणावरची चिठ्ठी त्याने वाचलीच असणार. म्हणाला, "टेस्टिंग काय गं?" मी म्हटलं, हो, टेस्टिंग. तो गेल्यावर झाकण उघडलं, भात अजून गरम होता. टेस्टिंग नव्हतं, आई.